कायद्याचे ३० दिवस कबूल, बाकीचे कुणाचे?

प्रति,
राज्यातील सर्व विवाह अधिकारी आणि त्यांचं कामकाज ठरवणारे वरिष्ठ अधिकारी

विषय : विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांना नोटिशीच्या मुदतीत तारीख मिळण्याबाबत

महोदय,

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करणाऱ्या जोडप्यांचे कागद तपासून देणं, नोटिशीचा नमुना भरून देणं, साक्षीदारांना काय आणायचं ते समजावणं हे आमचं रोजचं काम. हे पत्र उघड लिहितोय, कारण टेबलाच्या पलीकडच्या तुमच्याइतकंच ते अलीकडे ताटकळणाऱ्यांनीही वाचावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लग्नाचा इरादा आधी लेखी कळवायचा, कुणाला आक्षेप घ्यायचा असेल तर कळावं म्हणून तो कार्यालयाच्या फलकावर लावायचा आणि ३० दिवस थांबायचं, ही ३० दिवसांची नोटीस माफ करा, असं तुम्हाला कुणी म्हणत नाही. तो अधिकार संसदेचा. मुदत कमी करण्याची किंवा जादा पैसे भरून 'तत्काळ' मिळवण्याची सोय या कायद्यात नाही. उलट नोटीस न लावता, किंवा ती लावल्यापासून ३० दिवसांच्या आत जाणूनबुजून लग्न लावलं, तर कलम ४६ खाली तुम्हालाच एक वर्षापर्यंत साधी कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा ते ३० दिवस कबूल. आमची तक्रार ३१व्या दिवशी सुरू होते, जेव्हा जोडपं हसतमुखाने खिडकीपाशी येतं आणि उत्तर मिळतं, 'पुढच्या दोन महिन्यांत तारीख नाही.'

वरवर पाहता हा नुसता गर्दीचा प्रश्न वाटतो. गर्दी पासपोर्टला असते, दवाखान्यात असते, इथेही असणारच. पण इथे उशिराने नुसता कंटाळा येत नाही, नोटीसच मरते. कलम १४ म्हणतं की नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती नोटीस आणि त्यावरचं सगळं कामकाज रद्द झालं असं समजावं, आणि नवी नोटीस दिल्याशिवाय कुठल्याही विवाह अधिकाऱ्याने ते लग्न लावू नये. तुम्ही दोन महिन्यांनंतरची तारीख देता तेव्हा बऱ्याचदा मेलेल्या नोटिशीवरची तारीख देत असता, आणि हे त्या जोडप्याला कुणी सांगत नाही. ते त्या दिवशी हार, पेढे आणि तीन साक्षीदार घेऊन हजर होतात आणि तिथे कळतं की पुन्हा पहिल्यापासून.

यात आणखी एक बारकावा आहे. दोन मुदतींची सुरुवात एकाच दिवशी होत नाही. ३० दिवस मोजायचे ते नोटीस फलकावर लागल्यापासून (कलम ७). तीन महिने मोजायचे ते नोटीस तुमच्या हातात दिल्यापासून (कलम १४). मधल्या काळात अर्ज कुणाच्या टेबलावर पडून राहिला, तर ते दिवस जोडप्याच्या खात्यातून जातात.

उदाहरण घेऊ. १ जूनला नोटीस दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली. २ जुलैपासून लग्न लावता येतं आणि साधारण ऑगस्टअखेरपर्यंत नोटीस जिवंत असते. म्हणजे ६१ दिवस. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळल्या की कामाचे चाळीसच्या आसपास. आता तीच नोटीस साहेब रजेवर म्हणून १२ जूनला फलकावर लागली असं धरा. लग्न १३ जुलैच्या आधी नाही, शेवट मात्र तोच. अकरा दिवस गेले. त्यात १० जुलैला कुणी आक्षेप घेतला आणि तुम्ही चौकशीसाठी कलम ८ ने दिलेले पूर्ण ३० दिवस वापरले, तर ९ ऑगस्ट उजाडतो. उरले २२ दिवस, त्यातले कामाचे पंधराएक. आक्षेप फेटाळला गेला म्हणून तीन महिन्यांची मुदत वाढत नाही. ती नव्याने मोजली जाते ती प्रामुख्याने तुम्ही लग्न नाकारलंत आणि प्रकरण अपिलात जिल्हा न्यायालयात गेलं तर. म्हणजे खोटा आक्षेप घेणाऱ्याला जिंकायची गरजच नाही. तुमची तारखांची वही भरलेली असली की त्याचं काम आपोआप होतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी : लग्नाची तारीख नोटीस स्वीकारतानाच द्या. फलकावर लावल्याचा दिनांक पावतीवर लिहा, त्याखाली 'या दिवसानंतर लग्न लावता येईल' आणि 'या दिवशी नोटीस रद्द होईल' असे दोन दिनांक लिहा, आणि मधली एक तारीख नेमून द्या. आक्षेप आला तर ती पुढे सरकवता येईल. याला कायद्यात बदल लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही, एक रबरी शिक्का पुरतो. आज अनेक ठिकाणी ३० दिवस संपल्यावरच तारीख मागायला सांगतात. तोवर पुढचे दिवस इतरांनी घेतलेले असतात, आणि नोटीस आधी दिलेलं जोडपं रांगेत मागे पडतं.

दुसरं, अहवालाची वाट. दोघांपैकी एकाचं कायमचं राहणं तुमच्या हद्दीबाहेर असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची आणि त्याने ती आपल्या फलकावर लावायची, हे कलम ६(३) सांगतं. पण ३० दिवस मोजायचे ते कलम ६(२) खाली तुमच्या स्वतःच्या कार्यालयात नोटीस लागली त्या दिवसापासून. 'नांदेडहून पोच आली नाही, तोवर लग्न नाही' असं सांगायला कलम ७ मध्ये आधार सापडत नाही. प्रत पाठवणं तुमचं काम आहे. तिकडची पोच जोडप्याने खेटे घालून आणायची, हे काम कायद्याने त्यांच्यावर टाकलेलं नाही.

तीच गोष्ट घरी जाणाऱ्या कागदाची. नोटीस आई-वडिलांच्या पत्त्यावर पोस्टाने धाडणं किंवा पोलिसांकरवी पत्त्याची चौकशी करणं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच या प्रथेला चाप लावला. केरळने २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तर नोटीस प्रसिद्ध करायची की नाही ही निवडच जोडप्यावर सोडली. तो निकाल आपल्या राज्यावर थेट बंधनकारक नाही, मान्य. तरी फलकावरच्या नोटिशीचे मोबाइलवर फोटो काढून ते गावच्या ग्रुपवर फिरवणाऱ्यांना हटकायला कुठल्याही निकालाची गरज नसते. नोटीस बुक कुणालाही विनाशुल्क पाहता येतं, एवढंच कायदा म्हणतो. पाहणं वेगळं आणि छापून वाटणं वेगळं.

आक्षेपाबद्दलही बोलू. तो फक्त कलम ४ वर घेता येतो : आधीचा जोडीदार हयात आहे, मानसिकदृष्ट्या संमती देण्याची क्षमता नाही, मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांची नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. 'आम्हाला पसंत नाही' हा आक्षेप नव्हे. जात, धर्म, पगार, पत्रिका हेही नव्हेत. फोनवर दिलेली धमकी तर अजिबात नव्हे. आक्षेपाचं स्वरूप नोटीस बुकात लिहायचं, आक्षेप घेणाऱ्याला वाचून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची, असं कलम ७(३) सांगतं. सही मागितली की निम्मे आक्षेपक परत फिरतात. ही सही न घेता 'वरून फोन आहे, जरा थांबा' म्हणून तारीख पुढे ढकलली जाते, तेव्हा कागदावर कारण शून्य असतं आणि भोगणारं जोडपं मात्र खरं असतं. आक्षेप वाईट हेतूने घेतलेला आणि अवाजवी ठरला तर आक्षेपकाकडून जोडप्याला १,००० रुपयांपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार तुम्हाला कलम ९ ने दिला आहे. रक्कम आजच्या हिशेबात किरकोळ, पण आदेश लेखी असतो. एकदा वापरून पाहा.

निषिद्ध नात्यावरून मात्र खरोखर अडतं, आणि ते नोटिशीच्या दिवशीच सांगायला हवं. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात कितीतरी समाजांत सर्रास होतं. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र मामेबहीण आणि आतेबहीण दोन्ही निषिद्ध यादीत आहेत, आणि रूढीची सवलत हवी तर ती रूढी सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. ३० दिवस थांबून मग हे कळणं म्हणजे शुद्ध वाया गेलेला महिना. छाननीच्या वेळी एक प्रश्न विचारा : 'तुमचं एकमेकांशी आधीचं नातं काय?'

आता तारखांचं दुकान. रस्तोरस्ती पाट्या दिसतात, 'एका दिवसात कोर्ट मॅरेज'. (कोर्टाचा या लग्नाशी काही संबंध नसतो, न्यायाधीश नसतो, वकीलही सक्तीचा नाही. तरी हा शब्द पक्का रुळलाय आणि पाटीवाल्यांचं त्यावर पोट आहे.) त्या एका दिवसात मिळतं काय? कुठे नोटरीचा करारनामा, ज्याने लग्न होत नाही, कारण नोटरीला लग्न लावण्याचा अधिकारच नाही. कुठे एखाद्या मंडळाचं छापील प्रमाणपत्र, सोबत दोन हार घातलेला फोटो. १९ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने आणि नोंदणीने लग्न झालं असं होत नाही. त्या प्रकरणातल्या जोडप्यानेही आधी कागद मिळवले आणि विधी नंतर करायचं ठरवलं होतं. न्यायालयाने प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही निरर्थक ठरवली. तुमच्या खिडकीवर तारीख नसली की लोक या पाट्यांखाली जाऊन उभे राहतात. फसवणूक पाटीवाल्याची, हे खरं. गिऱ्हाईक मात्र तुमच्या रांगेतून जातं.

खरा झटपट मार्ग काहींना आहे, आणि तो तुमच्या कार्यालयातून जात नाही. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार नोटिशीची मुदत नाही. दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी खरोखर करायचे. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. हार घालून, सह्या करून लग्न झालं असं मानणारं कलम ७-अ तमिळनाडूने स्वतःपुरतं केलं आहे, महाराष्ट्रात ते नाही. मग राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे ९० दिवसांत ज्ञापन (नोंदणीचा ठरावीक अर्ज) द्यायचं. विधीचे फोटो, लग्न लावणाऱ्याची सही, तीन साक्षीदार. 'विवाह निबंधक' वेगळे आणि तुम्ही 'विवाह अधिकारी' वेगळे. निबंधक झालेल्या लग्नाची नोंद करतात, तुम्ही लग्न लावता. हा फरक न कळल्याने रोज कितीजण चुकीच्या रांगेत उभे असतात! दारावर चार ओळींची पाटी लावलीत तर तुमचीच गर्दी कमी होईल. तुमच्याकडेच येऊन झालेलं लग्न कलम १५ खाली नोंदवायचं म्हटलं, तर तिथेही ३० दिवसांची जाहीर सूचना आहे आणि दोघांनाही २१ वर्षं पूर्ण हवीत. ती पळवाट नव्हे.

धर्म न बदलता लग्न करू पाहणाऱ्या आंतरधर्मीय जोडप्याला मात्र तुमचीच खिडकी. त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरा रस्ता नाही, आणि बहुधा थांबायला सुरक्षित जागाही नाही. उपलब्ध तारखांत पहिला हक्क त्यांचा, असं आमचं मत आहे. सोबत परदेशी रुजू होण्याचा दिनांक असलेले, रजेवर आलेले सैनिक, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं. आठवड्यातले दोन वेळ यांच्यासाठी राखून ठेवले तरी पुष्कळ. १४ फेब्रुवारीला किंवा ११-११ सारख्या छान दिसणाऱ्या तारखेला लग्न करणाऱ्यांना शुभेच्छाच आहेत, पण ते आठवडाभर थांबू शकतात.

आजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर कलम १२ उघडा. लग्न तुमच्या कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणीही, ठरलेलं जादा शुल्क घेऊन, लावता येतं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खोलीतही. ही तरतूद पहिल्या दिवसापासून कायद्यात आहे आणि ती वापरली जात नाही, कारण साहेब बाहेर गेले तर खिडकी बंद पडते. याचं औषध कलम ३ मध्ये : सरकार एका भागासाठी एकाहून अधिक विवाह अधिकारी नेमू शकतं. 'जिल्हा' म्हणजे या कायद्यात महसुली जिल्हा नव्हे, तर अधिकाऱ्याला नेमून दिलेला भाग. हद्दी एकमेकींवर चढवल्या तर एका कार्यालयातली गर्दी शेजारच्या रिकाम्या कार्यालयात वळवता येईल. वरिष्ठांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तोवर वेळ वाचवायचा तर टेबलावर पाहा. लग्न लावायला लागतं काय? कलम ११ चं घोषणापत्र, त्यावर दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या, तुमची प्रतिस्वाक्षरी. मग दोघांनी एकमेकांना, दोघांना समजणाऱ्या भाषेत, 'मी अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो' आणि 'पती म्हणून स्वीकारते' असं म्हणणं. बहुतेक जण ते साहेबांकडे बघून म्हणतात, पाढे म्हटल्यासारखं. त्यांना वळवून एकमेकांकडे बघायला सांगावं लागतं, कारण कायद्याला वाक्य एकमेकांना उद्देशून हवं आहे. मग प्रमाणपत्र बुकात नोंद आणि सह्या. हे सगळं पाऊण तासाचं होतं ते एकाच कारणाने : जी कागदपत्रं नोटिशीच्या दिवशी तपासली, तीच लग्नाच्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासली जातात.

छाननी एकदाच करा, पण नीट करा. आधारवर 'सुनिता' आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'सुनीता'. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, आधारवर सगळं सलग. इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हेचं. हे पहिल्या दिवशी दिसलं तर ३० दिवसांत दुरुस्त होतं. लग्नाच्या दिवशी दिसलं तर तारीख जाते. आणि कुणालाच दिसलं नाही तर ते प्रमाणपत्रात उतरतं आणि व्हिसाच्या वेळी उगवतं. तेव्हा कलम ४९ आहे : चूक लक्षात आल्यापासून एका महिन्यात, मूळ नोंद न खोडता, समासात दुरुस्ती, तीही त्या दोघांच्या, किंवा ते हजर नसतील तर दोन विश्वासार्ह साक्षीदारांच्या समोर. दोघं तोवर दुसऱ्या देशात असतात. लग्नाच्या दिवशी प्रमाणपत्राचा मसुदा छापण्याआधी दोन मिनिटं त्यांच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला लावा.

घटस्फोटितांकडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत तुम्ही मागता, ते योग्यच आहे. पण अपिलाची मुदत संपली का, हेही त्याच दिवशी पाहा. हिंदू विवाह आणि विशेष विवाह या दोन्ही कायद्यांत ती ९० दिवसांची आहे. आणि जे लागत नाही ते मागू नका. आई-वडिलांची संमती लागत नाही. जातीचा दाखला लागत नाही. मालकीचं घर लागत नाही : दोघांपैकी एकाचं तुमच्या हद्दीत ३० दिवसांचं राहणं पुरतं, मग ते वसतिगृह असो की भाड्याची खोली.

आपले,
विवाह नोंदणीच्या कामात जोडप्यांना मदत करणारे काही वकील आणि कार्यकर्ते

ता. क. (जोडप्यांसाठी) : दोघं वेगवेगळ्या हद्दीत राहत असाल तर दोन्ही कार्यालयांतल्या तारखा विचारा आणि जिथे लवकर मिळेल तिथे नोटीस द्या. नोटीस दिली त्याची पोच घ्या, ती फलकावर लागल्याचा दिनांक त्यावर लिहून घ्या. तीन साक्षीदार लागतात, चार न्या. एकजण मूळ ओळखपत्र घरी विसरून नुसती झेरॉक्स घेऊन येतोच.